भुरे सरांचा खुला बाजार

वाचनालयात पुस्तकं साठतात असं लोकांना वाटतं. साफ खोटं! पुस्तकं लोक घरी नेतात, काही परत आणतात, काही लेकीच्या सासरी पोचवतात. साठतात ते किस्से. त्यांना दाखल क्रमांक नाही, कपाट नाही आणि वाळवीही लागत नाही. लाखनीच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे, आणि माझ्याजवळ जमलेल्या किश्श्यांपैकी निम्मे तरी एकट्या भुरे सरांचे असतील. सर गेले त्याला दिवाळीत वर्ष होईल. अजूनही कुणीतरी येतं आणि म्हणतं, "ताई, तो बसचा सांगा ना!" मी सांगते. लोक हसतात, मीही हसते. मग कपाटामागे जाऊन लावलेलीच पुस्तकं पुन्हा लावत बसते.

वसंतराव भुरे कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे. सरकारनं पोलीस, कोर्ट आणि रस्ते सांभाळावेत, बाकी माणसं आपसात देवाणघेवाण करून पाहून घेतील, असं त्यांचं ठाम मत. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'खुला बाजार अभ्यास मंडळ' काढलं. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. कागदावर अकरा सभासद. येणारे चार. सर स्वतः, जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले रामटेके, म्हणजे सरांचे कायमचे विरोधक, काळी-पिवळी जीप चालवणारा गुलाब, आणि मी. मी सभासद का? तर खोलीची चावी माझ्याजवळ होती!

* * *

पहिल्याच रविवारी विषय काय घ्यावा? 'सरकारनं वाचनालयांना अनुदान द्यावं का?'

माझा पगार त्याच अनुदानातून येतो. तोही असा, की पावसाळ्यातला हिवाळ्यात मिळतो. सरांनी पाऊण तास मुद्देसूद सांगितलं की अनुदान बंद झालं पाहिजे. ज्याला वाचायचं त्यानं वर्गणी भरावी, आणि जे वाचनालय चालत नाही ते मिटवून टाकावं. मी त्यांच्यासमोर त्याच वाचनालयाच्या कपात चहा ठेवत होते.

शेवटी त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. जरा ओशाळले. म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. मी तत्त्व म्हणून बोलतोय."

मी म्हटलं, "तत्त्वाले पोट नसते सर, मले आहे!"

रामटेके टेबल बडवून हसले. सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि माझं वाक्य उतरून घेतलं. ही त्यांची सवयच होती. विरोधातला चांगला मुद्दा आला की आधी वहीत, मग उत्तर. माझ्या मुद्द्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी येऊन आजीव सभासदाची वर्गणी भरली आणि पावती मागून घेतली.

* * *

मंडळाचा नियम एकच. इथं फुकट काही नाही! चहा ज्याचा त्यानं घ्यायचा. उरलेल्या बिस्किटाचा लिलाव व्हायचा. मागच्या खोलीत पंखा एक आणि त्याच्याखाली खुर्ची एक, म्हणून दर रविवारी त्या खुर्चीचाही लिलाव. आलेले पैसे वर्तमानपत्राच्या बिलाला.

लिलावाची कल्पना सरांची. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊलाच भिंती तापतात, म्हणून बोली चांगली चढायची. आणि दर रविवारी खुर्ची जायची रामटेक्यांना!

"पेन्शनचा माणूस हाव मी," रामटेके पंख्याखाली पाय लांब करून म्हणायचे. "सरकारनं मले बोली लावाची ताकद देली सर. तुमचा बाजार मले लय आवडून राह्यला!"

सर खिडकीपाशी उन्हात. शर्ट पाठीला चिकटलेला, पण बोलणं चालूच. एकदा मलाच राहवलं नाही. म्हटलं, सर, वयाचा मान म्हणून तरी ही खुर्ची तुमची असू द्या. सर म्हणाले, "वयाचा मान ही सबसिडीच आहे, ताई. निकाल लागलाय. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय होता, केंद्रानं तांदळाची निर्यात थांबवली ते बरोबर की चूक. सर उन्हात दीड तास बोलले.

* * *

एक किस्सा मी हसायला सांगत नाही.

विषय होता सरकारी कारखान्यांच्या खासगीकरणाचा. रामटेक्यांची सगळी हयात फॅक्टरीत गेलेली. क्वार्टर, फॅक्टरीची बस, मुलांची शाळा, सगळं तिथलंच. सर म्हणाले, बाजार माणसाची जात विचारत नाही, बाजाराला फक्त नाणं कळतं. त्या दिवशी रामटेके नेहमीसारखे तडकले नाहीत.

"माह्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली," ते म्हणाले. "त्याच्या पहिले तो दुकानात जाये, तं नाणं हातात नव्हते घेत त्याचं. खाली ठेवा लागे. दुकानदार त्याच्यावर पानी शिंपडे, मंग उचले. नाणं तं तेच होतं ना सर? मले पहिल्यांदा कोनी हातात हात देला तो फॅक्टरीच्या गेटवर. भरतीचा कागद देताना."

सरांनी वही काढली, टोपण उघडलं. पण लिहिलं नाही. टोपण लावलं आणि म्हणाले, "आज इथंच थांबू."

सर मंडळ वेळेआधी बंद करतायत, असं तेव्हाच घडलं. जाताना दोघं एकत्र गेले. मी दारातून पाहत होते. सर रामटेक्यांच्या सायकलीचं हँडल धरून चालत होते आणि रामटेके मोकळ्या हातानं शेजारून.

* * *

आता तो बसचा!

पासष्टीनंतर लाल बसमध्ये अर्धं तिकीट लागतं. सरांना ते नको. "मी अर्धा माणूस आहे का? पूर्ण जागा अडवतो, पूर्ण पैसे देतो." एकदा भंडाऱ्याला जाताना कंडक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं हात जोडले, "सर, घ्या ना अर्धं. सारे घेतात." सर ऐकतात कसले? पूर्ण तिकीट घेऊन खिडकीशी बसले.

गडेगावला चेकिंगवाले चढले. पांढऱ्या केसांचा, काठी घेतलेला म्हातारा माणूस आणि हातात पूर्ण तिकीट! तपासनीसानं कंडक्टरला दारापाशी ओढलं. "म्हाताऱ्या मानसाले लुटता काय रे? अर्धं तिकीट काहून नाही देलं?"

कंडक्टर सांगतोय, यांनीच मागितलं. तपासनीस म्हणतोय, पूर्ण तिकीट कोण मागून घेतं? सर उठून सबसिडीवर बोलू लागले, तशी तपासनीसाची खात्रीच झाली की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही आणि कंडक्टरनं त्याचाच फायदा घेतला! बस अर्धा तास रस्त्याच्या कडेला. शेवटी सरांनी कागदावर लिहून दिलं, 'मी शुद्धीवर असून, स्वखुशीनं पूर्ण भाडं भरलं आहे.' दोन प्रवाशांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या तेव्हा गाडी हलली.

भंडाऱ्याला उतरताना कंडक्टर म्हणाला, "सर, तुमच्या तत्त्वापायी माही नोकरी जाऊन राह्यली होती!"

त्यानंतर सर त्या पोराची ड्युटी कधी असते ते चौकशी करून पाहायचे आणि त्याची बस सोडून पुढच्या बसनं जायचे. तत्त्व सोडलं नाही, पोरालाही सांभाळलं.

* * *

गुलाबचं दुःख खरं होतं. बायकांना लाल बसचं अर्धं तिकीट झालं आणि त्याच्या काळी-पिवळीतल्या बाया गेल्या. बाया गेल्या म्हणून त्यांच्याबरोबरची माणसंही गेली. तो रविवारी येऊन नुसता बसायचा. एकदा म्हणाला, "सर, सरकारसंगं धंदा कसा कराचा? त्याले तोटा झाला तं तो मलेच टॅक्स मागते!"

या वाक्यावर सर इतके खूष झाले की वहीत त्याच्याखाली दोनदा रेघ मारली. मग सल्ला दिला: भाव कमी होत नसेल तर सेवा वाढव. स्पर्धा कर!

गुलाबनं जिवाचं रान केलं. जीपमध्ये छोटा पंखा लावला, थंड पाण्याचा कॅन ठेवला, सीटवर नवी कव्हरं टाकली. दुपारी एक वाजता सरांना आणि आम्हाला ते दाखवायला स्टँडसमोर बोलावलं. आम्ही कौतुक करत उभे, इतक्यात लाल बस आली. तिच्यातून उतरली गुलाबची बायको. हातात माहेरची पिशवी.

गुलाबचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तू इच्यात? माही गाडी असताना?"

ती शांतपणे म्हणाली, "अर्ध्या तिकटात बसाले जागा भेटते. अन् डायवर माह्यासंगं भांडत नाही!"

सरांनी टोपी काढून तिला नमस्कार केला. म्हणाले, "गुलाब, ग्राहक बरोबर आहे." पण परत येताना माझ्या दारापाशी म्हणाले, "त्या पोराला मी काय सल्ला देतोय ताई? पंखा लाव म्हणे!"

* * *

सरांचं थोडं धान होतं, तलावाखालच्या भाताच्या बांधीत. सगळं गाव सरकारी खरेदी केंद्रावर रांग लावायचं, हमीभाव आणि वर बोनस. सर जात नसत. व्यापारी देईल त्या भावाला द्यायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कपाळावर हात मारायच्या. मूलबाळ नव्हतं दोघांना, म्हणून सरांचे सगळे सिद्धांत एकट्या काकूंनी झेलले.

त्या वर्षी पोती फाटकी होती. काकूंनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचे काठ काढून त्यांना ठिगळं लावली. व्यापारी येऊन धान घेऊन गेला.

आठ दिवसांनी मी आणि सर केंद्रावरून चाललो होतो. रांगेत ट्रॅक्टर उभे. सर एकदम थांबले. एका ट्रॅक्टरवर हिरव्या काठाची ठिगळं लावलेली पोती! त्या व्यापाऱ्यानं कुणा दुसऱ्याचा सातबारा लावून सरांचंच धान सरकारी काट्यावर आणलं होतं.

मला वाटलं, आता सर भांडणार. ते जवळ गेले, ठिगळावरून बोट फिरवलं आणि परत आले.

रविवारी मंडळात स्वतःच सांगितलं. "रामटेके, तुमचा एक मुद्दा वाढला. माझं धान शेवटी सरकारनंच घेतलं. फक्त मला विचारलं नाही."

रामटेके हसणार होते, पण सरांकडे पाहून थांबले. सर फार वाळले होते. पायांवर सूज होती, चप्पल रुतत होती. ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

* * *

किडन्या. दोन्ही.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सर नागपूरच्या खासगी दवाखान्यात जायचे, पैसे भरून. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ते फुकट होत होतं, नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. पण तेच तर! "फुकटच्या खाटेवर मी झोपणार नाही." पैशाचं एकवेळ जमलं असतं, पण तो रस्ता सरांना खात होता. सकाळी अंधारात निघायचे, संध्याकाळी परत येताना काकूंच्या खांद्यावर मान टाकलेली असायची. डॉक्टर काकूंना म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही. काकू वाचनालयात येऊन माझ्यासमोर रडल्या.

मग रामटेक्यांनी डोकं लढवलं. सरांना म्हणाले, "आता सरकारी दवाखान्यातही फी लागते सर. नवं धोरण हाय."

सर उशीवर उठून बसले. "बघा! शेवटी सुधारणा झाली की नाही?" त्या दमलेल्या माणसानं आम्हाला वापरशुल्कावर वीस मिनिटं सांगितलं. आणि भंडाऱ्याला जायला तयार झाले!

दर खेपेला रामटेके दवाखान्याच्या व्हरांड्यात सरांकडून फी घ्यायचे आणि पावती द्यायचे. पावतीपुस्तक कुठलं? आमच्याच वाचनालयाचं. वरचं नाव मी निळ्या शिक्क्यानं झाकून टाकलं होतं. शासकीय वस्तूचा मी आयुष्यात केलेला हा एकच गैरवापर. जमलेले पैसे पाकिटात घालून मी काकूंच्या हवाली करायची. तीन महिने बिनबोभाट चाललं. सरांच्या अंगावर थोडं तेज आलं, रविवारी मंडळात येऊ लागले.

एका रविवारी सरांनी खिशातून सगळ्या पावत्या काढल्या आणि टेबलावर पालथ्या मांडल्या. प्रत्येकीच्या पाठीमागे वाचनालयाचे नियम छापलेले. पाठची बाजू झाकायचं आम्हा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं!

सरांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं. "नियम चौथा. पंधरा दिवसांत परत करावे. पान फाटल्यास भरपाई द्यावी लागेल." मग वर पाहिलं. "रामटेके, पंधरा दिवस तर कधीच झाले. मी नेमकं काय परत करायचंय?"

रामटेक्यांचं तोंड उतरलं. गुलाब हळूच म्हणाला, "कधी समजलं सर?"

"पहिल्याच दिवशी. आयुष्यभर पेपर तपासलेत मी. पाठची बाजू आधी पाहतो."

"मंग बोलले काहून नाही?"

सरांनी पावत्या गोळा केल्या, रबर लावलं आणि खिशात ठेवल्या. "परवा मंगळवार आहे," ते रामटेक्यांना म्हणाले. "पावतीपुस्तक आणायला विसरू नका."

* * *

सर गेले ते आपल्या घरी, दुपारी, काकूंनी केलेली पेज पिऊन. मी तेव्हा वाचनालयात होते. गुलाबनं येऊन सांगितलं. मी त्याला म्हटलं, बस, आणि पाणी आणायला मागच्या खोलीत गेले. तिथं पंखा कुणीतरी चालू ठेवलेला होता. मी बंद केला आणि तिथंच खाली बसून रडले. सरांवर मी चिडलेच होते. एवढं वाचलेलं माणूस, एवढं हट्टी कशाला असावं?

तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा. न येणारे सातही सभासद आले! सगळ्यांनी सर किती साधे, किती विद्वान ते सांगितलं. रामटेके शेवटी उठले. घसा खाकरून म्हणाले, "आज बाजाराची बाजू मांडाले कोनी नाही. म्हनून मी मांडतो."

आणि मांडली! हमीभावानं कसं नुकसान होतं, अनुदानानं माणूस कसा लाचार होतो, परवान्यांनी कोणाचं भलं होतं. एकेक मुद्दा सरांच्याच क्रमानं, सरांच्याच उदाहरणांसकट. इतकी वर्षं हा माणूस फक्त भांडतोय असं मला वाटायचं. त्यानं एक शब्दही सांडू दिला नव्हता. सगळी खोली थक्क.

शेवटी म्हणाले, "ह्या साऱ्याचं उत्तर माह्यापाशी हाय. पन आज देत नाही." आणि खाली बसून रुमालात तोंड लपवलं.

* * *

एक राहिला. हा मी फार कुणाला सांगत नाही.

पावत्यांचं उघड झालं त्यानंतरचे दिवस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडनी मिळाली तर सर काही वर्षं काढतील. काकूंना साखर, त्यांची चालत नव्हती. दुसरं रक्ताचं कुणी नव्हतं.

गुलाब वाचनालयात आला. दाराशीच उभा राहून म्हणाला, "ताई, मी देतो. माहा रक्तगट जुळते, पाहून आलो."

चाळिशीचा माणूस, दोन मुली. "बायकोला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हने, द्या. फक्त तारीख सांगू नोका मले." मग म्हणाला, "पन फुकट देतो म्हटलं तं सर धावत्या जीपमधून उडी मारतीन. म्हनून इकतो म्हनतो."

रामटेके तिथंच पेपर वाचत होते. ते उसळले. किडनी विकणं गुन्हा आहे, जेलमध्ये जाशील! शिवाय परका माणूस म्हटला की कमिटीसमोर उभं राहावं लागतं, पैसे घेतले नाहीत अशी खात्री पटवावी लागते.

"घेते कोन पैसे?" गुलाब म्हणाला. "भाव फक्त सांगाचा हाय. सरच म्हनत ना, अवयवाचा बी बाजार मोकळा पायजे? द्यानाऱ्याचंही भलं, घेनाऱ्याचंही? मंग घेतीन की!"

सर खरंच तसं म्हणत. मंडळात एकदा पूर्ण रविवार त्यावर बोलले होते, तब्येत चांगली असताना. आम्ही दोघांनी गुलाबला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का, मला आजही कळत नाही. सर जगावेत एवढंच मला हवं होतं.

त्या शुक्रवारी डायलिसिसहून परत येत होतो. जीपमध्ये पुढे गुलाब आणि सर, मागे मी आणि रामटेके. वैनगंगेचा पूल मागे पडला तसा गुलाब रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "सर, एक सौदा हाय." आणि सांगून टाकलं.

सरांनी मांडीवरची काठी सरळ केली. मग विचारलं, "भाव?"

गुलाबनं एक मोठा आकडा सांगितला. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. घाबरलेले.

"जास्त आहे," सर म्हणाले.

गुलाबनं कमी केला.

"अजून जास्त आहे."

गुलाबनं निम्मा केला. रामटेक्यांनी माझा हात घट्ट धरला. सर घासाघीस करतायत म्हणजे घेणार! बाजारात सर वांगीसुद्धा अशीच घ्यायचे. गडेगाव येईपर्यंत गुलाब लाखावरून हजारावर आला, हजारावरून शंभरावर. सर प्रत्येक वेळी शांतपणे, "जास्त आहे." लाखनीच्या वेशीवर गुलाबचा आवाज फाटला. "मंग तुमीच सांगा ना सर! तुमीच सांगा काय देता!"

सर म्हणाले, "माल चांगला आहे, गुलाब. मी गिऱ्हाईक नाही."

सरांच्या फाटकासमोर जीप थांबली. सर गुलाबच्या जीपचं भाडं आजवर दर खेपेला देत आले होते. घेतलं नाही तर सीटवर ठेवून उतरायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली ठेवायचे. त्या दिवशी रामटेक्यांनी त्यांना हात देऊन उतरवलं. काठी टेकत ते ड्रायव्हरच्या बाजूनं आले आणि खिडकीवर हात ठेवला. हात रिकामा होता.

"आज भाडं देत नाही, गुलाब."

"काहून सर?"

"नाही देत म्हणजे नाही देत," सर म्हणाले. "मंगळवारी नेशील तेव्हाही नाही."

आणि फाटक लावून आत गेले.